आठ अंक आणि दोन शेपट्या

मी एक जुनी संख्या आहे मित्रांनो, आणि आत्ता मी रागात आहे. राग उतरला की सांगू, असं म्हणत तीन महिने काढले. उतरत नाही. तेव्हा आता रागातच ऐका.

माझं पूर्ण नाव सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. अंकांत लिहायचं तर ७३९३९१३३. मोजून घ्या, आठ अंक आहेत. नऊ नाहीत, आणि दहा तर मुळीच नाहीत. हे एवढं ठासून का सांगते आहे ते पुढे कळेलच.

वय विचाराल तर वर्धा नदीला पहिलं पाणी आलं त्याच्या आधीपासून मी आहे. सूर्य पेटवला तेव्हा काडी कोणी धरली होती तेही मला ठाऊक आहे, पण त्या माणसाला शब्द दिला आहे म्हणून बोलत नाही. माझ्या अलीकडच्या घरात एकशे बत्तीसवाली राहते आणि पलीकडच्या घरात एकशे चौतीसवाली. दोघी सम. कोणीही यावं आणि त्यांचे सरळ दोन तुकडे करून जावं. असला शेजार मला मिळाला.

माझं तसं नाही. माझे दोन सारखे भाग करायला जा, एक उरतो. तीन करा, दोन उरतात. सात करा, तरी दोन उरतात. एक आणि मी स्वतः सोडून जगातल्या कुठल्याच संख्येने मला पूर्ण भाग जात नाही. अशांना पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. आता मूळ संख्या ढिगाने आहेत, त्याचा मला तोरा नाही. माझा तोरा वेगळाच आहे. माझा उजवीकडचा शेवटचा अंक पुसून टाका. उरली ७३९३९१३, तीही मूळ. आणखी एक पुसा, ७३९३९१, तीही मूळ. असं पुसत पुसत एकट्या सातापर्यंत या, मी एकदाही फुटत नाही! शून्य ते नऊ अंकांनी लिहिल्या जाणाऱ्या सगळ्या संख्यांत हा गुण असलेली माझ्याहून मोठी कोणी नाही. माझ्या घराण्यात मीच सगळ्यात मोठी आणि मीच शेवटची.

एवढी मी मोठी, आणि माझा पहिला सन्मान कुठे झाला? पुलगावच्या बाजारात, वांग्यांच्या टोपलीमागे.

नाचणगावच्या गोपिकाबाई तिथे भाजी विकतात. नवरा मनोहरराव मळ्यात वांगी, भेंडी आणि सांबार पिकवतात, म्हणजे तुमची कोथिंबीर. आणि गोपिकाबाई ती बाजारात नेतात. बाजाराच्या तोंडाशीच कडुनिंबाचं झाड आहे, बाजूला नळ आहे. त्या सावलीत बावीस वर्षं त्यांचं गोणपाट पसरलेलं आहे. सावलीची ही जागा म्हणजे त्यांचं अर्धं दुकान. बाजाराच्या मागच्या अंगाला उघड्यावर बसलं की सांबार अकरा वाजताच मान टाकतो, आणि मान टाकलेला सांबार कोणी फुकटही नेत नाही.

गोपिकाबाई तराजू वापरत नाहीत. त्या वाटे लावतात. गोणपाटावर वांग्यांचे ढीग, प्रत्येक ढिगात सारखे नग. वाटे लावून शेवटी एखादं वांगं उरलं तर ते विकायचं नाही, असा त्यांच्या सासूच्या काळापासूनचा नेम आहे. उरलेलं वांगं बाजूला ठेवायचं आणि बाजार उठताना जो शेवटचा माणूस समोर उभा असेल त्याच्या पिशवीत टाकायचं. 

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टोपलीत सात वांगी उरली होती. गोपिकाबाईंनी दोन-दोनचे वाटे केले, तीन-तीनचे केले, काही केल्या सारखे पडेनात. पुढच्या बाजारी त्र्याहत्तर वांगी आली, तीही पडेनात. बाई शाळेत सातवीपर्यंतच गेल्या होत्या, पण त्या सात वर्षांत जे शिकल्या ते विसरल्या नव्हत्या. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "साताच्या मागं तीन लावला तरी हे फुटत नाई. मंग तिनाच्या मागं काय लावलं म्हणजे फुटणार नाई?"

मित्रांनो, माझा शोध त्या एका प्रश्नातून सुरू झाला. नऊ लावला, सातशे एकोणचाळीस झाले. तेवढी वांगी कुठली आणायची? मग कॅलेंडरची मागची पानं निघाली. एकेक अंक जोडायचा आणि तो टिकतो का ते भागाकार करून बघायचं. किती वाटा चुकल्या, किती पानं चुलीत गेली. मी आठव्या अंकाशी येऊन उभी राहिले तेव्हा बाईंना आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मला भाग देऊन बघावा लागला. त्या हजाराच्या वर भरतात. एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. निंबावरचा एक कावळा दर बाजारी वरून भागाकार बघत असे. शेवटी शेवटी बाकी चुकली की तो ओरडायचा. विश्वास नसेल तर त्या कावळ्याला विचारा.

"अवं, आज भाजीत मीठ नाई," मनोहरराव घरी म्हणायचे.

"वरून घ्या ना मग. मी एकवीसशे एक्केचाळीसनं भाग देऊन राह्यली."

"या आकड्यानं मले माह्याच घरात पाहुणा केलं बापा."

भागाकार संपले. मी टिकले. बाईंनी हौसेने नववा अंक लावून पाहिला. एक लावला तर तिनाने भाग गेला. सात लावला तरी तिनानेच गेला. तीन आणि नऊ यांनी बरेच दिवस खाल्ले, पण शेवटी त्यांचेही तुकडे पडले. बाकीचे अंक लावायचं कामच नव्हतं, दोनाने नाही तर पाचाने ते जातातच. गोपिकाबाईंनी पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाल्या, "थांबली व माय हे. हिच्यापुढं जागा नाई."

इतकं खरं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

कवडू पेंटर ट्रकच्या मागे आईबापाचे आशीर्वाद आणि ट्रॉलीवर मोर काढतो. बाईंनी त्याच्याकडून मला निळ्या फळीवर पिवळ्या रंगात लिहवून घेतलं आणि ती फळी निंबाला टांगली. तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले, आणि डोक्याला तापही. कोणी म्हणे लॉटरी, कोणी म्हणे देवीचा आकडा. एकीने मला लिंबू-मिरची बांधली. सगळ्यात जास्त लोकांना वाटायचं, हा मोबाईल नंबर आहे आणि याचे दोन आकडे राहून गेले आहेत! एकाने मागे मनाचेच दोन लावून फोन केला, तो यवतमाळला कुणाच्या घरी लागला, बोलणं वाढत गेलं आणि त्याच्या भाचीचं तिथे लग्न ठरलं. त्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. असो.

या सगळ्यात किसनराव होते. ते दुकानदारांचे पुढारी. तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणून दाखवतात आणि कोणी विचारलं नसलं तरी म्हणतात. त्यांच्या भाच्याला मोबाईलची कव्हरं विकायला बाजाराच्या तोंडाशी जागा हवी होती. ते दर बाजारी फळीखाली येऊन टोमणा मारायचे.

"काय व वहिनी, कोणता आकडा लटकवून ठेवला? कशानं तरी भाग जातच असन त्याले."

एक दिवस बाईंचा तोल गेला. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "या फळीवरच्या आकड्याचे कोणी सारखे वाटे पाडून दाखवले ना किसनभाऊ, तर माही जागा त्याची. मी मागं उन्हात जाऊन बसन."

बाजारात दिलेला शब्द. तो मागे घेता येत नाही. दोन वर्षं लोक प्रयत्न करत राहिले. मी डगमगले नाही. 

मग मला ऊन लागलं, पाऊस लागला. पिवळा रंग उडत चालला. माझ्याकडे वर बघायला कोणाला सवड नव्हती. लिंबू वाळून खडखडीत झालं तरी कोणी काढलं नाही. ज्या कावळ्याला मी भागाकार शिकवला त्यानेही माझ्यावर जे करायचं ते केलं. सात कोटींची संख्या मी, आणि माझी ही कदर! तरी मी गप्प राहिले. खरा अपमान अजून व्हायचा होता.

गोपिकाबाईंना ताप आला. दोन बाजार त्या आल्या नाहीत. त्यांनी कवडूला निरोप धाडला, फळी नेजो आणि नवा रंग देऊन टांगजो. कवडू मनाचा चांगला आहे, तिथेच घात झाला. त्याने मला पुसलं, निळा रंग दिला, पिवळ्याने माझे आठ अंक सुरेख काढले, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि डोकं खाजवलं. जन्मभर दुकानांच्या पाट्यांवर मोबाईल नंबर लिहिणारा माणूस तो. दहाच्या आत थांबायची त्याच्या हाताला सवयच नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडून ऐकत आला होता की याचे दोन राहिलेत. त्याला वाटलं, पहिल्यांदा आपल्याच हातून सुटले असतील. आणि त्याने, मित्रांनो, माझ्या मागे दोन आकडे चिकटवले!

पहिली शेपटी कोणती ते सांगत नाही, उगाच कुणाच्या घरी फोन वाजेल. दुसरी शेपटी पाच होती.

पाच! ज्या मला हजार भागाकारांनी ओरखडा पडला नाही, त्या माझ्या बुडाला पाच! मी ओरडत होते, पण फळीला तोंड नसतं. दोन बाजार मी तशीच लटकत राहिले, लाजेने अर्धमेली.

तिसऱ्या बाजारी गोपिकाबाई आल्या. अंगात त्राण नव्हतं. त्यांनी खाली मान घालून गोणपाट पसरलं आणि वाटे लावायला बसल्या. फळी त्यांच्या डोक्यावर होती, वर बघितलंच नाही. मनोहरराव टोपल्या उतरवत होते. तेवढ्यात किसनराव आले, मागे भाचा, भाच्याच्या खांद्यावर कव्हरांची पेटी.

"वहिनी, पाचानं भाग जाते."

"कोणाले?"

"वर पाहा ना. तुमच्या लाडक्या आकड्याले. शेवटी पाच हाये. पाच-पाचचे वाटे, एकही उरत नाई. उचला गोणपाट."

बाईंनी वर बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही. माणसं गोळा झाली. कवडूला कोणीतरी चहाच्या टपरीवरून ओढून आणलं.

"काकू, दोन राह्यले होते ना, म्हणून मीनं टाकून देल्ले," तो म्हणाला. "पैसे नाई घेणार मी त्याचे."

"अरे बापा, काऊन टाकले? कोणी सांगतलं तुले?"

"मोबाईल नंबर दहाचा राह्यते न काकू."

"मोबाईल नंबर!" मनोहररावांनी कपाळाला हात लावला. "वर्षभर मी आळणी भाजी खाल्ली, ते काय मोबाईल नंबरासाठी?"

लोक हसले. किसनराव हसले नाहीत. "हे पाहा, कोणी टाकले त्याच्याशी मले मतलब नाई. शब्द काय होता? फळीवरचा आकडा. फळीवर आज पाच हाये. आता बाईमाणसानं शब्द फिरवावा का, ते बाजारानं ठरवावं."

शब्द तोच होता, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. भाच्याने पेटी खाली ठेवली, थेट सांबाराच्या जुड्यांवर.

ती पेटी बघून गोपिकाबाई उठल्या. त्यांनी पेटी उचलून बाजूला ठेवली, फळी खाली काढली आणि मनोहररावांकडे हात केला. न सांगता मनोहररावांनी विळा दिला.

"किसनभाऊ, शब्द मी नाई फिरवत. पण हे दोन आकडे माहे नाईत, ते घासून टाकतो. बदल्यात तुमाले एक नाई, आठ मोके देतो. हे दोन गेले का उरलेल्याले भाग लावा. नाई लागला तर सांगा, मी आणखी एक घासन. नाई लागला तर आणखी एक. एकाही ठिकाणी सारखे वाटे पडले ना, तर मी हूं का चू न करता उठन. बाजार उठेपर्यंत वेळ तुमचा."

"हो म्हणा किसनराव! आठ मोके!" गर्दीतून कोणी ओरडलं. "का पाढे फक्त घरी म्हणता?"

पाढ्यांवर बोट ठेवल्यावर किसनराव मागे हटणार थोडेच! शिवाय त्यांनी मनात हिशोब केला असणार, की आठांत एक तरी फुटेलच. भल्याभल्या संख्या फुटतात. "घासा," ते म्हणाले.

विळा फिरला. खर्र, खर्र. दोन्ही शेपट्या पिवळ्या भुग्यासारख्या खाली पडल्या आणि मी पंधरा दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

किसनरावांनी मोबाईल काढला. आता मोबाईल भागाकार करून देतो, पण कशाने भाग द्यायचा ते तुम्हाला सांगावं लागतं. तिनाने दिला, दोन उरले. साताने दिला, दोन उरले. अकराने चार, तेराने आठ. अर्धा तास बोट चाललं. "घासा एक."

७३९३९१३. तिनाने दोन. साताने दोन.

"घासा आणखी."

७३९३९१. तिनाने पुन्हा दोन, साताने पुन्हा दोन! आता किसनरावांनी मोबाईलवर बोट टेकायच्या आधीच पोरंसोरं "दोऽऽन" म्हणून ओरडायला लागली. बाजाराचं काम थांबलं. मिरचीवाल्या उठून आल्या. तिकडे एका बैलाने कोणाची तरी अर्धी कोबी खाल्ली आणि मालकाला पत्ता नाही. पाच अंकांवर आलो, चारांवर आलो, तिनांवर आलो. दर वेळी विळा खर्र वाजायचा आणि माझा एक अंक मातीत पडायचा. एकेक अंकासाठी बाईंनी किती रात्री, किती पानं घातली होती ते फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. त्यांचा हात थांबला नाही.

उरली ७३.

"मोबाईल ठेवून द्या किसनभाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "एवढी वांगी हायेत माह्यापाशी." आणि त्यांनी त्र्याहत्तर वांगी मोजून गोणपाटावर ओतली.

किसनराव पुढारी माणूस, धोतराचा सोगा आवरून मातीत बसले. दोन-दोनचे वाटे लावले, एक वांगं उरलं. तीन-तीनचे लावले, एक वांगं उरलं. चार-चारचे, एक उरलं. सहा, आठ, नऊ, बारा, जे लावावं त्यातून तेच एक वांगं बाहेर. पाचाने आणि साताने तीन-तीन उरली, तेवढाच बदल. किसनरावांनी त्या वांग्याकडे असं बघितलं, जणू ते त्यांच्या भाच्याची जागा खाऊन बसलं होतं.

"घासा," ते पुटपुटले. विळा फिरला आणि तीनही मातीत पडला.

"आता सातच राह्यला भाऊ."

"राहू द्या मग."

त्यांनी भाच्याला खूण केली. भाच्याने पेटी उचलली. माणसं पांगली, ऊन उतरलं, बाजार उठायला लागला. किसनराव मात्र अजून तिथेच होते, मातीत बसलेले, ढीग मनातल्या मनात पुन्हा लावत. म्हणजे शेवटचा माणूस समोर तेच. गोपिकाबाईंनी ते उरलेलं वांगं उचललं आणि नेमाप्रमाणे त्यांच्या पिशवीत टाकलं. 

"घ्या. विकाचं नसते ते."

वांगं किसनरावांनी परत दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आता फळी पुन्हा निंबाला आहे. तिच्यावर डावीकडे एक पिवळा सात आहे आणि पुढे विळ्याचे ओरखडे. नवीन माणूस विचारतो, "सात कशाचे?" बाई म्हणतात, "बाकीचं मले पाठ हाये." 

तुम्ही म्हणाल, जागा राहिली, मान राहिला, मग राग कशाचा? अहो, राग घासल्याचा नाहीच! घासायला मला कधीही उभं करा. उजवीकडून एकेक अंक काढत न्या, मी शेवटपर्यंत अखंड आहे. माझा राग त्या दोन शेपट्यांचा आहे. जे पूर्ण आहे ते तुम्हाला अर्धवट का दिसतं? दहा आकड्यांची सवय तुमच्या डोळ्यांना, आणि शिक्षा मला! मुलांनो, जगात काही गोष्टी आठावरच पूर्ण होतात. कोणी कमी बोलतं, कोणी एकटंच बसून कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार करतं. त्यांचं काही राहून गेलंय असं समजून प्रेमाने दोन आकडे चिकटवायला धावू नका. आधी विचारा. आणि वर टांगलेल्याकडे अधूनमधून मान वर करून बघा, लिंबू वाळलं असेल तर काढा.

कवडू दर बाजारी येतो. त्याला वाईट वाटलं आहे, हे खरं. पिवळ्या रंगाचा डबा हातात घेऊन तो फळीसमोर उभा राहतो, एकट्या साताकडे आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेकडे बघतो आणि म्हणतो, "काकू, नऊ राह्यले न. फुकटात टाकून देतो."

वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता गोपिकाबाई फक्त विळा थोडा पुढे सरकवतात.